मूल होत नसेल तर पहिली तपासणी नवऱ्याची करा : वीर्य तपासणीबद्दलचा धागा

मांजराकाठ
लातुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमच्याकडं उदगीर, निलंगा, रेणापूर, अहमदपूर, पार कळंबपासून जोडपी येतात. बाईच्या हातात जाडजूड फाइल. सोनोग्राफ्या, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, नळ्यांचा एक्सरे, कधी कधी दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा होऊन गेलेलं असतं. त्या फाइलीत नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्यांना काय व्हायलंय? धडधाकट आहेत की."

धडधाकट असण्यावरून शुक्राणूंचं काहीच कळत नाही. वीर्यातला बहुतेक द्रव सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो, अंडकोषाकडून येणारा वाटा अगदी थोडा असतो. त्यामुळं एकही शुक्राणू नसलेलं वीर्य डोळ्यांना नेहमीसारखंच दिसतं. संबंध नीट होतो, वीर्य येतं, म्हणजे सगळं ठीक आहे हा समज इथंच फसतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत. त्याची पहिली तपासणी काही शे रुपयांत होते. सुई नाही, भूल नाही. तरी ती सगळ्यात शेवटी होते, आणि तोवर बाईचं पोट दुर्बिणीनं बघून झालेलं असतं. हे मला पटत नाही.

नमुना कसा द्यायचा ते नीट सांगतो, कारण निम्मे घोळ तिथंच होतात. आधी २ ते ७ दिवस वीर्यपात झालेला नसावा. महिनाभर राखून ठेवलं तर काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, चांगला येईल असं काही जण धरून चालतात. पण फार दिवस साठलं की मेलेले, मंद शुक्राणू वाढतात. नमुना हस्तमैथुनानं, लॅबनं दिलेल्या डबीतच घ्यायचा. साबण, तेल, थुंकी यांपैकी काही लावायचं नाही. साधा निरोध तर अजिबात नको, त्यावरच्या वंगणानं शुक्राणू मरतात. सुरुवातीच्या थेंबांत शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, म्हणून ते सांडले तर लाजू नका, खिडकीवर सांगा. आम्ही तसं रिपोर्टात लिहितो.

घरून आणायचा असेल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. औशाहून लातूर जमतं. अहमदपूरहून नाही जमत, तिथल्यांनी लॅबमध्येच द्यावा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून आणायची. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून आणलेला नमुना तपासून उपयोग नसतो.

आणि एक. बायकोच्या हाती डबी पाठवू नका. आम्हाला माणसाला विचारायचं असतं की ताप कधी आला होता, कोणती औषधं चालू आहेत, किती दिवस झालेत. ते तिला कसं माहीत असणार?

जालनेकरीण
दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या नळ्यांचा एक्सरे दोन वेळा झाला. तो किती दुखतो हे ज्यांचा झालाय त्यांनाच माहीत. सासूबाईंनी येडेश्वरीला नवस केला, तुळजापूरला ओटी भरली, मी सगळं श्रद्धेनं केलं. पण डोहाळजेवणाला मला बोलवायचं बंद झालं तेव्हा आतून तुटले. ह्यांची तपासणी करू असं मी म्हणायचे तर घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही. शेवटी नणंदेनं विषय काढला, ती नर्स आहे. माहेरच्या माणसानं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, बहिणीचं त्यांनी ऐकलं. ज्यांच्या घरात असा पेच आहे त्यांनी नवऱ्याकडच्याच एखाद्या समजदार माणसाला मध्ये घाला.

बालाघाटी
बीड जिल्हा. माझा रिपोर्ट कालच आलाय, झोप लागेना म्हणून लिहायलोय. व्हॉल्यूम २ मिली, काउंट ९ मिलियन, मोटिलिटी ३५ टक्के, नॉर्मल फॉर्म ३ टक्के, पस सेल ८ ते १०. खाली इंग्रजीत मोठं नाव लिहिलंय. मेडिकलवाल्यानं रिपोर्ट बघून "अवघड आहे" म्हणून सांगितलं. ९७ टक्के शुक्राणू खराब म्हणजे आता काय राहिलं? घरी अजून सांगितलं नाही.

पूर्णामाय
बालाघाटी, मी युरॉलॉजिस्ट आहे, नांदेड भागात काम करतो. न तपासता इथं निदान करणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो म्हणजे आज झोप लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत : वीर्य १.४ मिली, काउंट दर मिलीला १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एका वेळच्या पूर्ण नमुन्यात ३९ मिलियन, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूणांपैकी सरळ पुढं जाणारे ३० टक्के, आणि आकारानं नॉर्मल ४ टक्के. बऱ्याच लॅबच्या छापील कागदावर अजून २०१० चे जुने आकडे आहेत, फरक किरकोळ आहे.

हे आकडे आले कुठून, ते महत्त्वाचं. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासले, आणि त्यांतले सगळ्यात खालचे ५ टक्के जिथं संपतात तिथं रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खाली असूनही बाप झालेले पुरुष त्याच यादीत आहेत. रेघेच्या वर असून मूल न झालेलेही असतात. ही पास-नापासाची रेघ नाही.

नॉर्मल फॉर्मचं तर सगळेच घाबरून विचारतात. मूल झालेल्या पुरुषांतही बहुतेक शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचे दिसतात. माणसाच्या शुक्राणूंचं ते तसंच असतं. ४ च्या जागी ३ आले म्हणून ९७ टक्के खराब असं होत नाही.

तुमचा पूर्ण नमुना १८ मिलियनचा आहे. म्हणजे १ कोटी ८० लाख शुक्राणू. कमी आहेत, शून्य नाहीत. आता मला सांगा, गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का? तंबाखू, गुटखा? काम काय करता?

बालाघाटी
डॉक्टरसाहेब, दिवाळीच्या आधी डेंग्यू झाला होता, सलाइनवर होतो. गुटखा आहे. काम साखर कारखान्यावर, बॉयलरला.

पूर्णामाय
तिन्ही गोष्टी कामाच्या सांगितल्यात. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. मोठ्या तापात कारखानाच मंदावतो. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडण्याच्या वाटेवरचे आणखी काही दिवस. म्हणजे आजचा नमुना तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. डेंग्यूनंतर इतक्या लवकर केलेल्या तपासणीवर निकाल देता येत नाही. तापाच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा करा. एरवीसुद्धा एका रिपोर्टवर कधीच थांबायचं नाही, एकाच माणसाचा आकडा महिन्यामहिन्याला बराच वरखाली होतो.

गुटखा आजपासून बंद. बॉयलरसमोरचं काम काही महिने बदलून मिळत असेल तर मागा.

पस सेलबद्दल कुणी लगेच अँटिबायोटिकचा कोर्स दिला तर आधी विचारा. साध्या काचेवर दिसणाऱ्या सगळ्या गोल पेशी पू नसतात, अर्धवट वाढलेल्या शुक्राणूंच्या पेशी तशाच दिसतात. जळजळ, दुखणं काही नसेल तर आधी खात्री, मग औषध.

उसाचाफड
म्या माजलगाव भागातला. आमच्या तांड्यावर, वस्तीवर ह्या गोष्टी कुणी बोलत न्हाई. ऊसतोडीच्या कोयत्याला जोडपं लागतंय, लेकरू न्हाई झालं तर दुसरी बायको करा म्हणून माणूस मोकळा. दुसरीलाबी न्हाई झालं तरी तपासायचं नाव न्हाई. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधानभवनात गाजला, सरकारनं समिती नेमली. बाईच्या अंगावर केवढंबी मोठं ऑपरेशन चालतंय, आन गड्याला डबी हातात घ्यायची लाज वाटतीय, ही गोष्ट मला लई लागती.

मांजराकाठ दादा, सहा महिने आम्ही फडावर असतो. दोन-दोन तपासण्या कशा करायच्या?

मांजराकाठ
भाऊ, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाव गाठल्यावर पहिली करा, पावसाळ्यात दुसरी. मध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर पडलं तरी चालतं. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड, जे जवळ पडेल तिथं ओपीडीला विचारा, खासगीपेक्षा खर्च बराच कमी होईल. आणि पहिलीच्या रिपोर्टाचा मूळ कागद सांभाळा, मोबाइलमधला फोटो नको.

विष्णुपुरी_एक्सप्रेस
जिमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या चुलतभावाला ट्रेनरनं "टेस्टो" ची इंजेक्शनं दिली. दंड झाले, छाती झाली, लग्न झालं, आणि काउंट शून्य. पुरुषाचं हार्मोन घेतल्यावर शुक्राणू वाढायला पाहिजेत ना? शून्य कसे झाले?

पूर्णामाय
बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे. पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडणं थांबवते. या दोन हार्मोनशिवाय अंडकोष काम बंद करतात, आकारानं लहानही होतात. मुलाच्या आशेवर असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन कधीच द्यायचं नसतं, दुर्दैवानं कधी कधी "कमजोरी" म्हणून डॉक्टरच लिहून देतात. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण काही महिने ते वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. भावाला स्वतःहून गोळ्या न घेता दाखवायला सांगा.

इतरही औषधं आहेत. मोठ्या आतड्याच्या सुजेसाठी दिलं जाणारं सल्फासलाझिन काउंट पाडतं, बंद केल्यावर सुधारतो. केस गळतीची फिनास्टेराइड काहींना त्रास देते. म्हणून डॉक्टरसमोर सगळ्या गोळ्यांची पाकिटं ठेवायची, आयुर्वेदिक म्हणून लपवायची नाहीत.

परभणीची_मावशी
मी लेकाची आई म्हणून लिहिते. सूनबाईला मी स्वतः कधी टोचून बोलले नाही, पण तपासणीला दोघंही जा, असं मीच म्हणाले. लेक म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील." मी म्हणाले, लोक तुला रांगणारं लेकरू आणून देणार आहेत का? गेला. त्याचा काउंट बरा निघाला, सुनेच्या थायरॉइडचं निघालं, गोळी चालू झाली. दोष कुणाचा हे शोधायला जायचंच नसतं, बायांनो. कारण शोधायला जायचं.

एक विचारायचं होतं डॉक्टरांना. मेडिकलमधून काउंट वाढवायच्या महागड्या गोळ्या, पावडरी आणतात मुलं, त्यांचं खरं किती?

पूर्णामाय
मावशी, पुरावा फार कच्चा आहे. २०२० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, २,३७० जोडपी होती त्यात. निम्म्या पुरुषांना सहा महिने झिंक आणि फोलिक अ‍ॅसिड दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. बाळं होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, उलट औषधवाल्यांना पोटाच्या तक्रारी जास्त झाल्या. त्या पैशात नीट तपासणी होते.

तेरणा
धाराशिव. माझा रिपोर्ट निल आहे, म्हणजे एकही शुक्राणू नाही, दोन्ही वेळा. पहिल्या लॅबनं काचेवर बघून नुसतं "निल" लिहून दिलं. दुसऱ्या ठिकाणी नमुना सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासला, तरी निल. मी सुन्न होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता निदान कळलं तरी." तिच्या त्या एका वाक्यावर मी उभा आहे. पुढं काय असतं हे कुणी सांगेल का? गावात "निल म्हणजे संपलं" एवढंच ऐकलंय.

पूर्णामाय
तेरणा, संपलेलं नाही. दुसऱ्या लॅबनं केलं ते बरोबर, गाळ तपासल्याशिवाय निल म्हणायचंच नसतं. थोडं सविस्तर लिहितो, कारण या एका शब्दावर फार माणसं खचलेली बघितली आहेत.

निल दोन प्रकारचं. एकात शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते : जुना संसर्ग, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये नळीला झालेली इजा, किंवा जन्मतःच शुक्रवाहिनी नसणं. अशात अंडकोषाचा आकार आणि एफएसएच बहुधा नॉर्मल असतं. शुक्रवाहिनी जन्मतः नसेल तर वीर्याचं प्रमाण कमी, आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज नाही, अशी खूण रिपोर्टातच मिळते. दुसऱ्यात कारखानाच चालत नाही, एफएसएच बऱ्याचदा वाढलेलं असतं. लहानपणी अंडकोष खाली न उतरणं, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडात अंडकोष सुजणं, गुणसूत्रांतला फरक, अशी कारणं असतात. काहींत मेंदूकडूनच हार्मोन येत नाही. ती माणसं इंजेक्शनांनी सुधारतात, हे वाचून तरी एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन करून घ्या.

जुना मधुमेह असेल तर आणखी एक शक्यता. वीर्य पुढं न येता मूत्राशयात मागं जातं. वीर्यपातानंतरची लघवी तपासली की तिथं शुक्राणू सापडतात.

वाट बंद असेल तर सुईनं अंडकोषातून किंवा त्याच्या वरच्या नळीतून शुक्राणू काढता येतात. एकेक शुक्राणू एकेका बीजांडात टोचायचं इक्सी तंत्र १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून जगापुढं आलं. त्याच्या आधी तुमच्यासारख्यांना खरंच "संपलं" म्हणत. कारखान्याचा दोष असला तरी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून काही जणांत शुक्राणूंची बेटं सापडतात, सगळ्यांत नाही. त्याआधी कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांची तपासणी, आणि वाय गुणसूत्राची तपासणी करा. वायवरचे काही तुकडे नसतील तर ऑपरेशन करूनही हाती काही लागत नाही, आणि काही प्रकारांत ती उणीव मुलाकडं जाते. हे आधी कळलेलं बरं.

खामनदी
वकील आहे, संभाजीनगर. तेरणा आणि इतरांसाठी कायद्याचा भाग. दात्याचे शुक्राणू घ्यायची वेळ आली तर २०२१ चा सहाय्यित पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा लागू होतो. दाता नोंदणीकृत बँकेकडूनच येतो, वय २१ ते ५५, त्याची ओळख गुप्त. एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. "दिराचं चालेल, घरातलंच रक्त" असं आपल्याकडं सर्रास सुचवतात, ते या कायद्यात बसत नाही. नवरा-बायको दोघांची लेखी संमती हवी. जन्मलेलं मूल कायद्यानं त्या दोघांचंच, दात्याचा काही हक्क नाही. आणि कुणी "मुलगाच होईल असे शुक्राणू वेगळे करून देतो" म्हणालं तर तो गुन्हा आहे, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निवडीविरुद्धचा कायदा, त्यालाही लागू आहे.

सोयाबीनवाला
हिंगोली. फवारणीचं विचारायचं होतं. आम्ही पाठीवरचा पंप घेऊन उघड्या अंगानं फवारतो.

मांजराकाठ
शेतकऱ्याचाच पोरगा आहे म्हणून हे मनापासून सांगतो, असं फवारू नका. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडं मुलं होईनात. तपासलं तर कित्येकांचा काउंट शून्य किंवा अगदी कमी. डीबीसीपी नावाचं रसायन निघालं. संपर्क थांबल्यावर काही जण सुधारले, काही कधीच नाही. प्रत्येक औषधाचं तसंच होतं असं मी म्हणत नाही. पण त्या कामगारांनाही रोज काहीच जाणवत नव्हतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, वारा पाठीमागून, फवारणी झाली की आधी अंघोळ मग जेवण, आणि कपडे वेगळे धुवायचे.

बालाघाटी
परत आलो. तीन महिने होऊ दिले, गुटखा सुटला, कारखान्यात वजनकाट्यावर बदली मिळाली. नवीन रिपोर्ट : २.५ मिली, १४ मिलियन, मोटिलिटी ४४. घरी सगळं सांगितलंय, बायको सोबत आली होती. इथल्या सर्जननी उभं करून तपासलं, डाव्या बाजूला व्हॅरिकोसिल, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, हाताला लागतंय म्हणाले. ऑपरेशन करू का सरळ आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडायचं तंत्र?

पूर्णामाय
पूर्ण नमुना ३५ मिलियनवर आला, १८ वरून. फार चांगलं.

व्हॅरिकोसिल बहुतेक डावीकडंच होतं, कारण तिकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, रक्त तुंबतं आणि उष्णता वाढते. सगळ्या पुरुषांत साधारण १५ टक्क्यांना असतं आणि त्यातल्या अनेकांना मुलं होतातच. हाताला लागणारं आणि रिपोर्टही कमी, अशा दोन्ही गोष्टी असतील तर ऑपरेशनचा विचार. नुसतं डॉपलर सोनोग्राफीवर दिसणारं कापायचं नसतं. फायदा दिसायला तीन ते सहा महिने जातात, म्हणून निर्णय बायकोच्या वयावर आहे. वय काय त्यांचं?

बालाघाटी
२६. त्यांच्या तपासण्या नॉर्मल आहेत.

पूर्णामाय
मग घाई नाही. ३६ असतं तर मी वेळ घालवू दिला नसता. तुमचा आकडा चढतोय, अजून तीन महिन्यांनी एक तपासणी करा. तिथंच अडकला तर सूक्ष्मदर्शक वापरून व्हॅरिकोसिल करणाऱ्या सर्जनना दाखवा, तोवर नैसर्गिक प्रयत्न चालू ठेवा.

बालाघाटी
ठीक आहे साहेब. मांजराकाठ दादा, पुढच्या वेळी सोबत हार्मोनची रक्ततपासणी पण करू का? उपाशीपोटी यावं लागतं का?

मांजराकाठ
डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर त्याच दिवशी करा. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त दहाच्या आत द्यायचं, जमलं तर उपाशीपोटी. वीर्याच्या नमुन्याला उपाशी राहायची गरज नाही. आधीचे दोन्ही कागद घेऊन या आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.